भरवसा यंत्राचा की मिस्त्रीचा? बुलेट, क्रूझर आणि गोंदियाच्या वाटेवरचा एक जुना वाद

१/
मुंबई–कोलकाता महामार्ग गोंदिया जिल्ह्यातून जातो तेव्हा सडक अर्जुनी तालुक्यात कोहमाऱ्याची चौफुली लागते. उत्तरेला गोरेगावमार्गे गोंदिया, पूर्वेला देवरी आणि पुढे छत्तीसगड, पश्चिमेला साकोली, भंडारा, नागपूर. दक्षिणेला नवेगावबांध आणि अर्जुनी मोरगाव. दूरच्या प्रवासाला निघालेले मोटारसायकलस्वार अशा चौफुलीवर चहाला थांबले की एक वाद हमखास उभा राहतो. त्या वादाचा हा इतिहास.

२/
वादाचे रूप ठरलेले असते. जुन्या बुलेटचा मालक म्हणतो, ही गाडी वडिलांपासून चालते आहे, हिचा भरवसा कुणाला येणार! अव्हेंजरवाला विचारतो, मग खाली तेलाचे थारोळे कसले? मिटिऑरचा मालक सांगतो की त्याला पाना हातात धरावाच लागला नाही. हिमालयनवाला तिघांनाही नागझिऱ्याच्या कच्च्या वाटेवर येण्याचे आव्हान देतो. चहा संपतो, वाद संपत नाही.

३/
तो न संपण्याचे कारण साधे आहे. ‘भरवसा’ हा एकच शब्द चौघे वेगवेगळ्या अर्थांनी वापरत असतात. एकाच्या लेखी भरवशाची गाडी म्हणजे जी बिघडत नाही ती. दुसऱ्याच्या लेखी, जी बिघडली तरी जिथल्या तिथे दुरुस्त होते ती. हे दोन अर्थ एकाच काळात जन्मलेले नाहीत. त्यांच्यामध्ये सुमारे तीस वर्षांचे अंतर आहे, आणि ते अंतर भारतीय मोटारसायकलीच्या इतिहासात नेमके दाखवता येते.

४/
आधी भूगोल. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा राज्याच्या अगदी पूर्व टोकाला आहे. आठ तालुके, धानाची बांधी, तलाव, सालेकसा–देवरीकडचे दाट जंगल. गोंदिया शहर मोठे रेल्वे जंक्शन असले तरी महामार्गावर नाही. महामार्ग गाठण्यासाठी गोरेगाव आणि मुरदोलीच्या जंगलातून कोहमाऱ्यापर्यंत यावे लागते. मोठ्या बाजारपेठेचे शहर म्हणजे नागपूर, आणि ते लोहमार्गानेही सुमारे १३० किलोमीटर दूर. हा आकडा पुढे महत्त्वाचा ठरतो.

५/
मराठीत मोटारसायकलीला ‘फटफटी’ हे नाव मिळाले ते तिच्या आवाजावरून. रूपावरून किंवा वेगावरून नाही. गावाने यंत्र आधी कानांनी ओळखले. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने निकाली काढलेल्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस अशा इंग्रजी गाड्या ‘डिस्पोजल’च्या मालात नागरिकांच्या हाती आल्या. त्या चालवणाऱ्याला त्या खोलूनही जोडता याव्या लागत, कारण पाठीशी कंपनी नव्हती. भारतीय मोटारसायकल-संस्कृतीचा पाया असा निराधार गाड्यांवर घातला गेला.

६/
मग बुलेट आली. इंग्लंडमधील रेडिच येथील रॉयल एनफिल्डच्या ३५० सीसी बुलेटला भारतीय लष्कराने १९५०च्या दशकाच्या आरंभी सीमेवरील गस्तीसाठी पसंती दिली. १९५५ मध्ये मूळ कंपनी आणि मद्रास मोटर्स यांच्या भागीदारीतून ‘एनफिल्ड इंडिया’ उभी राहिली आणि मद्रासजवळच्या तिरुवोट्टियूर येथे कारखाना निघाला. इंग्लंडमधील मूळ कंपनी १९७०पर्यंत मिटली. मद्रासची शाखा मात्र तेच यंत्र बनवत राहिली. १९७७ मध्ये तर तिने बुलेट इंग्लंडलाच निर्यात करायला घेतली. माहेर बुडाले आणि लेकीने नाव राखले, असा हा प्रकार!

७/
त्या यंत्राची ओळख करून घेतल्याशिवाय वाद समजत नाही. एकच सिलिंडर, ७० मिलिमीटर व्यासाचा आणि ९० मिलिमीटर धावेचा. घनफळ ३४६ सीसी. बिडाचा सिलिंडर. इंजिन वेगळे, गिअरबॉक्स वेगळी, दोन्ही साखळीने जोडलेली. प्रज्वलनासाठी ‘पॉइंट’, म्हणजे स्प्रिंगने मिटणारे आणि कॅमने उघडणारे धातूचे दोन लहान तुकडे. यातला जवळजवळ प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो आणि हाताला लागतो.

८/
गाडी सुरू करणे हाच एक संस्कार होता. पेट्रोलचा कॉक उघडायचा, किल्ली फिरवायची, मग हेडलाइटच्या आवरणावरील अँपिअरच्या काट्याकडे पाहत किक हळूहळू दाबायची. पॉइंट मिटलेले असताना विजेचा प्रवाह वाहतो आणि काटा ऋण बाजूला झुकतो. पॉइंट उघडले की काटा मध्यावर परततो. काटा मध्यावर म्हणजे दट्ट्या वरच्या टोकाजवळ आला. आता डीकॉम्प्रेशनची कळ दाबून सिलिंडरमधील दाब सोडायचा, दट्ट्या किंचित पुढे न्यायचा, किक वर घ्यायची आणि पूर्ण वजन टाकून मारायची. हे न समजता घाईने किक मारणाऱ्याला ती उलटी बसे आणि तो दोन दिवस लंगडत फिरे. गावात बुलेट कोणाला येते हे त्यामुळे पाहताक्षणी कळे.

९/
इथे एक गोष्ट निसटू नये. या विधीत चालकाला यंत्राच्या पोटातील स्थिती ठाऊक असावी लागे. काटा वाचणे म्हणजे यंत्र वाचणे. चालक हा अर्धा मिस्त्री होता, कारण त्यावाचून गाडी जागची हलत नव्हती.

१०/
ही गाडी बिघडत नसे, हे मात्र साफ खोटे आहे. पॉइंट झिजत, टॅपेटचे अंतर बदले, साखळ्या सैल पडत, क्लचची तार तुटे, इंजिनाच्या कंपनाने नट ढिले होत आणि जोडांतून तेल पाझरे. जुन्या बुलेटसोबत पाने, प्लग, तारा आणि पॉइंटचा एक संच नेण्याची पद्धत होती. जी गाडी बिघडत नाही तिच्याबरोबर हत्यारांची पिशवी कोण बाळगतो?

११/
तरीही तिला भरवशाची म्हणत, आणि ते चुकीचे नव्हते. बिघाड कोठे आहे ते कानाला कळे, डोळ्यांना दिसे, आणि तालुक्याच्या गावातील मिस्त्री तो तासाभरात काढून टाकी. शिवाय रचना दशकानुदशके फारशी बदलली नाही. वडिलांच्या गाडीवर शिकलेला हात मुलाच्या गाडीवर तसाच चाले. लष्कर आणि पोलीस हीच गाडी वापरत असल्याने सुटे भाग देशभर पोहोचले. भरवसा गाडीत होता त्याहून अधिक गाडीभोवती होता. या धाग्याचे प्रतिपादन एवढेच आहे; पुढचा इतिहास त्याची साक्ष काढण्यासाठी.

१२/
पहिली साक्ष जावाची. मुंबईच्या इराणी घराण्याने उभी केलेली ‘आयडियल जावा’ म्हैसूरला १९६०च्या दशकाच्या आरंभापासून चेकोस्लोव्हाकियाच्या जावा गाड्या बनवू लागली. पुढे १९७०च्या दशकात नाव बदलून ‘येझ्दी’ झाले. २५० सीसी, टू-स्ट्रोक, दोन सायलेन्सर, आणि एक गंमत: किकचाच दांडा आत दाबून पुढे फिरवला की तो गिअरचा दांडा होई. टू-स्ट्रोक इंजिनाला व्हॉल्व्ह नाहीत, टॅपेट नाहीत; खोलायला आणखी सोपे. बुलेट की येझ्दी हा आजच्या वादाचा आजोबा.

१३/
१९९६ मध्ये म्हैसूरचा कारखाना बंद पडला. कंपनी गेली, हमी गेली, अधिकृत विक्रेते गेले. तरी येझ्दी रस्त्यावर राहिल्या, आजही आहेत. जुन्या बाजारात भाग मिळत राहिले, लेथवर नवे घडवले गेले, मिस्त्रींनी हात चालू ठेवला. गाडी कंपनीनंतरही जगली. हे लक्षात असू द्यावे, कारण याच्या नेमके उलट घडलेले पुढे येणार आहे.

१४/
जाता जाता एका विस्मृत गाडीची आठवण. एनफिल्डने डिझेलवर चालणारी ‘टॉरस’ही विकली होती. ३२५ सीसीचे ग्रीव्हज–लोम्बार्दिनी इंजिन, शक्ती जेमतेम साडेसहा अश्वशक्ती, वेग बेताचा, धूर आणि धक्के भरपूर. पण शेतीपंपाच्या जातकुळीचे इंजिन म्हणजे पंप दुरुस्त करणाऱ्याला ही गाडीही दुरुस्त करता येई! प्रदूषणाच्या नियमांपुढे ती टिकली नाही. तिच्याविषयी फार हळहळ करण्याचे कारण नाही. तिच्यावरून शंभर किलोमीटर जाणे ही शिक्षाच होती.

१५/
‘भरवसा’ या शब्दाचा दुसरा अर्थ जपानहून आला. १९८४ ते १९८६ या तीन वर्षांत इंड-सुझुकी, हिरो होंडा, एस्कॉर्ट्स–यामाहा आणि कावासाकी–बजाज यांच्या १०० सीसी गाड्या भारतीय बाजारात उतरल्या. त्यांतही हिरो होंडाच्या सीडी १०० ने नवी सवय लावली: पेट्रोल भरा, चालवा, विसरून जा. आता बिघाड दुरुस्त होणे पुरेसे नव्हते. बिघाड होणे हाच दोष ठरला. शिक्षक, तलाठी, दूधवाला, तेंदूपत्त्याच्या फळीवरचा मुन्शी यांना यंत्राशी संवाद करण्याची हौस नव्हती. त्यांना वेळेवर पोहोचायचे होते. बुलेट त्यांच्या हातून सुटली ती याच काळात.

१६/
आता क्रूझरकडे. हा प्रकार अमेरिकेच्या लांब, सरळ, रुंद रस्त्यांनी घडवला. आसन खाली, पाय पुढे, हँडल उंच, पुढचा काटा अधिक तिरपा, दोन चाकांतील अंतर जास्त. या रचनेमुळे गाडी सरळ रेषेत स्थिर राहते. वळायला मात्र आळशी होते. टूरर वेगळा: पाय शरीराखाली, पाठ ताठ, सामानाला जागा, वाऱ्याला आडोसा. भारतात शुद्ध टूरर थोडेच विकले गेले. ते काम बुलेटने आणि पुढे हिमालयनसारख्या उंच गाड्यांनी केले.

१७/
फरक फार तांत्रिक वाटेल, पण गोंदियात तो कमरेला कळतो. पाय शरीराखाली असतील तर खड्डा येताच चालक पायांवर भार घेऊन किंचित उठू शकतो. पाय पुढे असतील तर उठता येत नाही. खड्डा थेट माकडहाडातून मणक्यात जातो. देवरीच्या चौपदरी महामार्गावर क्रूझरसारखे सुख नाही. तीच गाडी पावसाळ्यात सालेकसा तालुक्यातील आडवाटेच्या एखाद्या रपट्यावरून न्यावी लागली की मालकाला आसनाची कमी उंची आठवते. मिटिऑरच्या पोटाखाली मोकळी जागा १७० मिलिमीटर, पहिल्या हिमालयनच्या पोटाखाली २२०. आकडे लहान, दगड मोठे.

१८/
भारतीय क्रूझरचा खरा आरंभ पुण्याच्या बजाजने केला. २००१ मध्ये कावासाकीच्या १७५ सीसी इंजिनाची ‘एलिमिनेटर’ आली. देखणी होती, महाग होती, आणि तिचे इंजिन बजाजच्या इतर लोकप्रिय गाड्यांहून वेगळे होते. ती फार काळ चालली नाही. २००५ मध्ये तोच साचा ठेवून बजाजने आत पल्सरचे १८० सीसी इंजिन बसवले आणि नाव ठेवले ‘अव्हेंजर’. पुढे २०० आणि २२० सीसी.

१९/
अव्हेंजरचे मालक गाडीच्या भरवशाचे श्रेय तिच्या घडणीला देतात. ते अर्धेच खरे. पल्सर २००१पासून घरोघरी पोहोचली होती. तिचे प्लग, क्लच प्लेट, कार्बोरेटरचे भाग आमगाव–तिरोड्याच्या दुकानांतही मिळण्यासारखे झाले होते, आणि तिच्यावर हात बसलेला पोऱ्या प्रत्येक गॅरेजात होता. क्रूझर अव्हेंजरची, पण पाठबळ पल्सरचे. एलिमिनेटर आणि अव्हेंजर या दोन गाड्यांचे बाह्यरूप जवळजवळ एकच. नशीब मात्र वेगळे. इतिहासात असा नेमका प्रयोग क्वचितच हाती लागतो.

२०/
दरम्यान एनफिल्ड मोडकळीस आली होती. १९९४ मध्ये ती आयशर समूहात गेली आणि २०००च्या सुमारास ती बंद करावी की काय असा विचार सुरू असताना सिद्धार्थ लाल यांनी तिची सूत्रे घेतली. २००२ मध्ये ‘थंडरबर्ड’ हा क्रूझर आला. आणि मग ज्या दोन बदलांनी जुने मालक पेटले ते घडले.

२१/
पहिला बदल गिअरचा. ब्रिटिश परंपरेत गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. १९७०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेने गिअर डावीकडेच हवा असा सुरक्षानियम केला. बाजारपेठ मोठी, म्हणून जगभरच्या कारखान्यांनी तो मानला. मद्रासच्या बुलेटला त्याची घाई नव्हती. तिचा गिअर उजवीकडे राहिला आणि २०००च्या दशकात टप्प्याटप्प्याने डावीकडे सरकला. अनेकांना ही ‘खऱ्या बुलेट’ची भ्रष्टता वाटली. वास्तविक ज्याला ते भारतीय बुलेटचे सत्त्व समजत होते तो एका मावळलेल्या ब्रिटिश सवयीचा अवशेष होता.

२२/
दुसरा बदल इंजिनाचा. २००८–०९ मध्ये ‘यूसीई’ इंजिन आले: इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच आवरणात, टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे अंतर जुळवण्याची कटकटच नाही. बिडाचे जुने इंजिन २०१०च्या सुमारास थांबले. २००९ची ‘क्लासिक’ याच नव्या इंजिनावर आली आणि तिने कंपनीचे नशीब पालटले. जुन्यांचे म्हणणे, ठोका गेला. नव्यांचे म्हणणे, गळती गेली. दोघेही खरे बोलत होते.

२३/
जुन्या पक्षाचा मोठा पुरावा असा असतो: “पन्नास वर्षांची बुलेट आजही धावते, तुमची धावेल का?” इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे थांबावे. आज आपल्यासमोर दगडी किल्ले आणि मंदिरे उभी आहेत. माती–लाकडाची घरे विरून गेली. यावरून पूर्वी सगळे लोक दगडी घरांत राहत, असे कोणी म्हणत नाही. रस्त्यावर दिसणारी पन्नास वर्षांची बुलेट ही उरलेली बुलेट आहे. भंगारात गेलेल्या तिच्या बहिणी साक्ष द्यायला येत नाहीत. आणि जी उरली तिच्यात मूळचे किती उरले? बोअर नवे, दट्ट्या नवा, वायरिंग नवे, टाकी रंगवलेली. ती टिकली यात शंका नाही. तिला कोणीतरी टिकवले, हे सांगायचे राहून जाते.

२४/
नव्या पक्षाची चूक याहून महाग पडणारी आहे. त्याला वाटते की कारखान्यात गुणवत्ता भरली की भरवसा तयार झाला. ह्योसंगची कथा त्याने वाचावी. या कोरियन कंपनीच्या गाड्या, त्यांत ‘अक्विला’ हा २५० सीसीचा क्रूझर, २००३च्या सुमारास कायनेटिकने भारतात आणल्या. तो प्रयत्न थांबला. २०११ मध्ये गरवारे मोटर्सने पुन्हा आणल्या. २०१२ मध्ये त्या डीएसके समूहाकडे गेल्या. जुळणी साताऱ्यातील वाईला होई. काही वर्षांत डीएसके समूह आर्थिक संकटात सापडला आणि विक्री–सेवेचे जाळे विसकटले. तिन्ही पालक महाराष्ट्रातले. गाडी दणकट होती की नाही हा प्रश्नच गौण ठरला. साधे गॅस्केट मिळेल की नाही, हा प्रश्न उरला.

२५/
२०१६ मध्ये यूएम कंपनीने लोहिया समूहासह ‘रेनेगेड’ क्रूझर आणले आणि काही वर्षांत येथील कारभार आवरला. सप्टेंबर २०२० मध्ये हार्ले-डेव्हिडसननेच भारतातील स्वतःचे उत्पादन आणि विक्री थांबवण्याचे जाहीर केले. पुढच्याच महिन्यात हिरो मोटोकॉर्पशी करार झाला म्हणून हार्लेच्या मालकांना छत्र मिळाले. सर्वांना असे छत्र मिळत नाही.

२६/
येझ्दीही कंपनीविना राहिली होती, मग ती कशी जगली? कारण तिच्यातील भाग लेथवर घडवता येत होता, दोष कानाला कळत होता, आणि गाड्या पुरेशा संख्येने होत्या म्हणून ते शिकणे मिस्त्रीच्या पोटाला परवडत होते. मोजक्या महागड्या क्रूझरांसाठी गोंदियातला कोणता मिस्त्री आपली दोन वर्षे शिकण्यात घालवील? जिल्ह्यात जी गाडी एकुलती एक, तिच्या मालकाला मिरवणूक मिळते. बिघडल्यावर सोबत मिळत नाही.

२७/
यानंतर नियम आले. एप्रिल २०१७पासून भारत स्टेज ४, एप्रिल २०२०पासून भारत स्टेज ६. त्याच दरम्यान १२५ सीसीवरील गाड्यांना एबीएसची सक्ती. हवा स्वच्छ हवी आणि ब्रेक शहाणे हवेत, याबद्दल वाद नाही; या नियमांना विरोध करणारे जुने रसिक धुराला सुगंध म्हणत आहेत. पण नियमांचा एक परिणाम कोणी फारसा बोलून दाखवला नाही. कार्बोरेटर गेला, इंधन-इंजेक्शन आले, सेन्सर आले, त्यांवर हुकूम चालवणारा संगणक आला. मिस्त्रीचा कान निकामी झाला. दोष आता आवाजात नसतो, संकेतांकात असतो, आणि तो वाचायला स्कॅनर लागतो.

२८/
२०२०च्या मिटिऑरमध्ये किकही उरली नाही. बॅटरी पूर्ण गेली तर गाडी ढकलूनही उपयोग होत नाही, कारण पंप आणि संगणक दोघांनाही वीज हवी. ही गाडी जुन्या बुलेटपेक्षा कितीतरी कमी बिघडते, हे निःसंशय. मात्र बिघडली की बिघाड संपूर्ण असतो. जुनी बुलेट खोकत, रखडत, तेल गाळत का होईना घरी येई. नवी एकतर उत्तम चालते किंवा मुळीच चालत नाही, आणि मधली पायरी नाहीशी झाल्याने अंतराचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. नागपूरच्या रस्त्यावर ‘मुळीच नाही’ याचा अर्थ एक फोन आणि टोइंग. नवेगावच्या जंगलात संध्याकाळी त्याचा अर्थ वेगळा असतो.

२९/
म्हणून कोहमाऱ्याच्या चहावरील वादात पक्ष घ्यायचाच झाला तर तो असा घ्यावा लागेल. रोजच्या वापराला आणि महामार्गाच्या लांब प्रवासाला नवे इंजिन श्रेष्ठ. यात जुन्यांचा मान राखण्यासाठी खोटे बोलण्याचे कारण नाही. जिल्ह्याच्या आतल्या वाटांना क्रूझरपेक्षा उंच टूरर बरा. आणि या दोन्हींच्या आधी पाहायची गोष्ट म्हणजे तेच इंजिन आणखी कोणत्या गाडीत आहे, आणि त्या गाड्या तालुक्यात किती आहेत. अव्हेंजर यातच जिंकली होती. तिच्या मालकांना ते ठाऊक नसले तरी.

३०/
पण एवढे म्हणून प्रश्न सुटत नाही, कारण खरा पेच गाडीच्या निवडीत नाही. दुरुस्तीचे ज्ञान कोणाच्या हाती असावे, हा तो पेच. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा मोटारकंपन्यांना सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. आरोप असा की त्या सुटे भाग आणि दुरुस्तीची तांत्रिक साधने स्वतंत्र गॅरेजांना खुलेपणाने मिळू देत नाहीत. अपिलात दंडाचे आकडे बदलले. प्रकरण चारचाकींचे होते. तरी त्यात मांडलेला प्रश्न देवरीच्या मिस्त्रीचाच आहे.

३१/
जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ या विषयावर समिती नेमली. शेतीची अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि वाहने ही तिची चार क्षेत्रे. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एक पोर्टल सुरू झाले. पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. तेथे माहितीपुस्तिका आणि सेवाकेंद्राचा पत्ता मिळू शकतो. पण ज्याच्या घरापासून ते सेवाकेंद्र ऐंशी किलोमीटरवर आहे त्याला पत्ता मिळून काय होणार?

३२/
तोडगा अशक्य नाही. चारचाकीत दोष वाचण्याची खोबण बऱ्याच अंशी सर्व कंपन्यांत समान आहे. स्वस्त स्कॅनरनेही बराच दोष कळतो. दुचाकीतही तसे करता येईल. संकेतांकांची यादी मराठीत छापून आयटीआयच्या दुचाकी-दुरुस्तीच्या वर्गात शिकवता येईल. जो पोऱ्या पॉइंटचे अंतर पत्र्याच्या पट्टीने मोजायला शिकला, तो संकेतांक वाचायला शिकणार नाही, असे मानणे हा त्याचा अपमान आहे. १९८०च्या दशकात जपानी गाड्या आल्या तेव्हाही ‘आता मिस्त्रीचे काम संपले’ असे म्हटले गेले होते. दहा वर्षांत तोच मिस्त्री हिरो होंडाचे इंजिन डोळे मिटून खोलू लागला, कारण त्याला खोलण्यापासून कोणी अडवले नव्हते.

३३/
या वेळी अडवणूक पान्याची नाही, माहितीची आहे. पुढच्या वेळी कोहमाऱ्याला कोणी क्रूझर श्रेष्ठ की टूरर असे विचारले, तर त्याला चौफुलीवरच्या गॅरेजात नेऊन तेथील मिस्त्रीला इतकेच विचारायला सांगावे: या गाडीचा पिवळा दिवा पेटला तर तुम्ही काय करता?